द्राक्षबागेवरचं प्लॅस्टिक कव्हर: पाऊस अडवतं, वाऱ्याचं तुमचं तुम्ही बघा

निफाड तालुक्यात माझी थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे, आणि २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट ज्यांनी बघितलीय त्यांना कव्हर कशाला हे सांगायची गरजच नाही. बाग फुलोऱ्यात असली की गळकूज (घड कुजून गळणं) आणि डाऊनी (ओलाव्यात वाढणारा बुरशीचा रोग), मण्यात पाणी उतरलं असलं की तडे, म्हणजे अवकाळी कुठल्याही स्टेजला येवो, मार आपल्यालाच. त्यानंतर अर्ध्या एकरावर कव्हर टाकलं आणि बाकीचा प्लॉट उघडाच ठेवला, त्यामुळे फरक बांधावर उभं राहूनच दिसतो.

माल म्हणजे विणलेलं प्लॅस्टिक कापड, १४० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम), उन्हाला टिकणारं यूव्हीवालं. ओळीच्या वर दोन्हीकडे उतार देऊन ताणायचं आणि दोन ओळींच्या मधे हवेला फट सोडायची.

पावसाला एक नंबर, यात वादच नाही. डिसेंबरात दोन-तीन दिवस ढगाळ आणि रिमझिम होती तेव्हा शेजारपाजारचे रात्री ट्रॅक्टरच्या लायटी लावून ब्लोअरने फवारण्या मारत होते, माझ्या कव्हरखालची पानं सकाळी कोरडी, आणि डाऊनीच्या फवारण्या बऱ्याच वाचल्या. पण विकणारा एक गोष्ट सांगत नाही. डाऊनीला पान ओलं लागतं, भुरीला (पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीला) नाही लागत, आणि कव्हरखाली सावली असते ती भुरीला आवडते. घडाच्या देठावरून बोट फिरवलं की राखुंडी लागल्यासारखं पांढरं येतं, तेव्हा समजायचं उशीर झालाय. म्हणजे फवारणी बंद होत नाही, औषध बदलतं एवढंच. साखरही उघड्या प्लॉटपेक्षा उशिरा भरली, व्यापारी दारात उभा असताना ते जड जातं बरं का.

थंडीचं म्हणाल तर काही अपेक्षा ठेवू नका. बाजू उघड्या, ऊब कशी राहणार? पारा ५-६ वर आला की पहाटे ड्रिप चालू करणं आणि बांधाला शेकोट्या हे आहे तसंच आहे. पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडणं, होऊ नये म्हणून घडांना पेपर लावायची मजुरीही सुटली नाही.

खरी भानगड वाऱ्याची. आपल्याकडे अवकाळी नुसता पाऊस घेऊन येतच नाही, आधी वावटळ, मग गडगडाट, मग थेंब. वारं खालून शिरलं की कापड फुगतं आणि सगळा ताण दोरी ओवायच्या रिंगांवर येतो, कापड शाबूत पण रिंगाच पट्टीसकट उपटून आल्या, वर फडफडणाऱ्या कापडाने काड्या घासल्या त्या वेगळ्याच. गारा आल्या तर उतार कमी असलेल्या जागी साचतात आणि तार खाली येते, म्हणून ढाळ जरा जास्तच ठेवा, आणि मांडवाचे लोखंडी अँगल जुने असतील तर आधी ते बदला.

सर्व्हिस? कंपनीचं नाव लिहीत नाही. फिटिंगवाली पोरं कबूल केल्यापेक्षा बरीच उशिरा आली, तोवर फुलोरा चालू झालेला. रिंगांचे फोटो पाठवले तर उत्तर आलं, वाऱ्याने फाटलं ते वॉरंटीत बसत नाही. अहो मग बसतं काय?

खर्च चिल्लर नाही. सरकारी योजनेत एकरी ४ लाख ८१ हजारांचा मापदंड धरून निम्मं अनुदान होतं, पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर नंबर लागला तर. लागला तर घ्याच. सटाणा-देवळ्याकडच्या अर्लीवाल्यांना (लवकर हंगाम धरणाऱ्यांना), ज्यांचा माल डिसेंबरातच काढणीला येतो, त्यांना तर नंबर न लागताही परवडेल असं माझं मत. माझ्यासारख्या मार्चमध्ये माल काढणाऱ्याने आधी अर्ध्या एकरावर बघावं.

कापडाला ५ पैकी ४, फिटिंगला दीड. आणि रोल उतरवायच्या आधी रिंगांची पट्टी डबल शिवलीय का ते स्वतः ओढून बघा, गाडी परत गेली की फोन उचलत नाहीत.