१८८० सालचा ‘मान्तोन’ आणि ४८० युरो

माद्रिद किंवा सेव्हिलला जाऊन जुन्या वस्तूंची दुकानं धुंडाळणार असाल, तर हे आधी वाचा. तिथे रेशमी, भरगच्च भरतकामाची, लांब झालर असलेली चौकोनी शाल हमखास दाखवतात. ही ‘मान्तोन दे मनिला’. माद्रिदमधल्या एका दुकानदाराने मला असा एक मान्तोन १८८० सालचा म्हणून ४८० युरोंना विकला. तो यंत्रावर भरलेला, पॉलिएस्टरचा निघाला.

माणूस गोडबोल्या, पण अडाणी नव्हता. फिलिपिन्समधल्या मनिलाचं नाव असलं तरी या शाली चीनमध्ये, कँटनच्या कारागिरांनी भरलेल्या असत. मनिलात आलेला हा माल घेऊन गलबतं मेक्सिकोतल्या आकापुल्कोला जात, तिथून माल खुष्कीने व्हेराक्रुझला आणि पुन्हा समुद्रमार्गे स्पेनला. लांब झालरीची हौस स्पॅनिश बायकांची. हे सगळं त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे. आपल्याकडे पारशी व्यापाऱ्यांनी त्याच कँटनहून गारा म्हणजे भरतकामाच्या रेशमी साड्या आणल्या, असं मी बोलून गेले. लगेच माझा मान्तोन त्या साडीची ‘सख्खी बहीण’ झाला!

त्याच्या गोष्टीत भोक होतं ते तारखांचं. मनिलाची ती गलबतं १५६५ पासून चालली आणि १८१५ मध्ये बंद पडली. १८८० ची शाल त्यांतून कशी येणार? दुसरं भोक कागदात. त्याने शिक्का मारलेलं ‘प्राचीनतेचं प्रमाणपत्र’ दिलं आणि खुशाल विमानाने घेऊन जा म्हणाला. स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी वारसावस्तू देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते. म्हणजे कागद खरा असेल तर परवान्याशिवाय शाल नेता येत नाही, आणि परवान्याचा विषयही निघत नसेल तर त्या कागदावर विसंबण्यात अर्थ नाही.

बिंग फुटलं दादरच्या पारशी कॉलनीत. मैत्रिणीची मावशी जुने गारे दुरुस्त करते. तिने शाल हातात घेतली आणि फुलांकडे न बघता आधी उलटीच केली. “दीकरा, ही मागची बाजू बघितलीस?” मागे सगळीकडे एकच पांढरा दोरा पळत होता, मधेमधे तुटकी टोकं. हाताने भरलेल्या चांगल्या मान्तोनला उलट-सुलट नसतं. दोन्हीकडे तेच फूल, तीच छटा, गाठ शोधून सापडत नाही. यंत्राला हे सहसा जमत नाही, त्याचा खालचा दोरा बहुधा दिसतोच. मग तिने झालर पाहिली. खरी झालर कापडाच्या कडेतच ओवून, हाताने जाळीसारखी गाठी मारत विणतात. सेव्हिलजवळच्या गावांतल्या बायकांच्या कित्येक पिढ्या या कामात गेल्या, आणि माझ्या मते मान्तोनची अर्धी शान तिथेच आहे. माझ्या शालीला तयार पट्टी शिवलेली होती. शेवटी झालरीचा एक धागा काडीने पेटवला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. इथे धागा वितळला आणि टणक काळा मणी झाला.

दुकानात काडी लावू देणार नाहीत हे उघड आहे. पण शाल उलटून बघायला आणि झालरीची कड तपासायला कोणी अडवत नाही. अडवलंच तर बाहेर पडा. आणि बिल तिथल्या तिथे वाचा, कारण खरी चलाखी बिलात होती. प्रमाणपत्रावर ‘रेशीम, हाताचं काम, १८८०’ असं सगळं, पण दुकानाचं नाव नाही, सही नाही. बिलावर दुकानाचं नाव, कर क्रमांक सगळं चोख, पण वस्तूच्या जागी एकच शब्द: ‘मान्तोन’. ‘सेदा’ म्हणजे रेशीम, ‘बोर्दादो आ मानो’ म्हणजे हातभरत, आणि शतक, हे तिन्ही बिलावरच लिहून मागा. नकली माल विकणारा इथे चुळबुळ करायला लागतो.

तिथे असतानाच लक्षात आलं, तर ‘ओखा दे रेक्लामासिओनेस’ म्हणजे तक्रारीचा छापील अर्ज मागा. दुकानांना तो ठेवावाच लागतो. मी मुंबईहून ईमेल केली, तेव्हा जुन्या वस्तू परत घेत नाही असं एका ओळीचं उत्तर आलं. कार्डाच्या बँकेकडे दाद मागितली. त्यांनी बिल पाहिलं आणि कळवलं की बिलात मान्तोन लिहिलाय, तुम्हाला मान्तोन मिळालाय, सबब दावा अमान्य.