आबाजीला गोरं करू नका म्हणावं

आबाजी महार रेजिमेंटचे, ट्रेनिंग मध्य प्रदेशातल्या सागरला. १९७१ चे तीन फोटो टिनाच्या पेटीत होते, वाळवीनं कोपरे खाल्लेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका स्टुडिओत नीट करायला दिले. फोटोमागं ३०० रुपये, वायदा ८ दिवसांचा, लागले २२. कपाशीचा पहिला वेचा आटोपला तरी फोन नाही!

काम सुरेख. टोपीवरचा बिल्ला आता साफ दिसते, एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या मशीनगन अन् खंजीर. पण पोरानं कॉम्प्युटरवर आबाजीले पार गोरं केलं. आबाजी म्हणे, "हा कोन साहेब होय बे?" फुकटात पुन्हा सावळं करून दिलं. मग त्याच फोटोवर बोट ठेवून आबाजी सांगत बसले, ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरला त्यांनी रेडिओवर कशी ऐकली ते.

मूळ फोटो मात्र मोजून घ्या. आमचा एक तिथंच ड्रॉवरमध्ये राहिला होता.