तालुक्यातल्या कारखान्याने माणसं घडवायची कशी: ॲप्रेंटिस, आयटीआयशी करार की सरकारी कार्यप्रशिक्षण?

तालुक्याच्या एमआयडीसीत चाळीसेक माणसांचं मशीन शॉप, शेती अवजारांचा कारखाना किंवा फळप्रक्रियेचं युनिट चालवणाऱ्याला गावात ऐकू येतं की पोरांना काम नाही. त्याच्या स्वतःच्या कारखान्यात मात्र सीएनसीवर म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर बसवायला माणूस मिळत नाही. आयटीआय झालेला मुलगा सहा महिने काम करतो आणि चाकणला निघून जातो. मग मालक परप्रांतातून तयार ऑपरेटर आणतो, त्याच्या राहण्याचा खर्च उचलतो, आणि दिवाळीला गेलेला तो माणूस परत येईल की नाही याची चिंता करत बसतो.

हा प्रश्न नवा नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा तिथे तयार कारागीर कुठून असणार? आसपासच्या खेड्यांतली माणसं हाताशी धरून त्यांना शिकवावं लागलं. आज शिकवण्यासाठी कायदा, पोर्टल आणि अनुदान आहे. मार्ग मुख्यतः तीन आहेत: ॲप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवार घेणं, आयटीआयशी दुहेरी प्रशिक्षणाचा म्हणजे डीएसटीचा करार करणं, किंवा राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून उमेदवार घेणं. बहुतेक मालक ‘कशात पैसे कमी जातात’ एवढंच बघून निवड करतात. आमच्या मते तुमच्या कारखान्यातलं काम शिकायला किती महिने लागतात, यावर निवड ठरली पाहिजे.

शिकाऊ उमेदवार: नियम आणि खरा खर्च

कंत्राटी कामगार धरून 30 किंवा अधिक माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावे लागतात. म्हणजे 40 माणसांच्या कारखान्यात किमान 1 आणि जास्तीत जास्त 6. मनुष्यबळ 4 ते 29 असेल तर घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवायचं. बंधनकारक असूनही जागा रिकामी ठेवली तर पहिले तीन महिने दर जागेमागे महिना 500 रुपये आणि त्यानंतर 1000 रुपये दंडाची तरतूद आहे. कंत्राटदाराची माणसं मोजणीत येतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि ‘आमच्याकडे पंचवीसच आहेत’ असा समज तपासणीत खोटा ठरतो.

2019 च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन दहावी पास मुलाला महिना 6000, आयटीआय प्रमाणपत्रधारकाला 7000, पदविकाधारकाला 8000 आणि पदवीधराला 9000 रुपये. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ द्यावी लागते. हे दर बदलतात, म्हणून करार करताना त्या दिवशी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर दिसणारा आकडाच धरा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत (एनएपीएस) केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, कमाल 1500 रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. म्हणजे आयटीआय झालेल्या मुलामागे तुमचे किमान 5500 रुपये जातात.

हिशेब इथे थांबत नाही. शिकवणाऱ्या माणसाचा वेळ कोणी धरत नाही. समजा, सेटरचा, म्हणजे मशीनवर टूल आणि मापं लावून देणाऱ्याचा, पगार 24,000 आहे आणि त्याचा एक तृतीयांश वेळ शिकवण्यात जातो. महिना 8000 झाले. चार मुलांवर वाटले तर प्रत्येकी 2000. म्हणजे एका मुलाचा खरा खर्च 7500 च्या घरात, शिवाय मोडलेले इन्सर्ट म्हणजे टूलची धारेची टोकं आणि रिजेक्शन वेगळं. हा खर्च आधी मान्य केला तरच पुढचं नीट चालतं. जो मान्य करत नाही, त्याच्या कारखान्यात शिकाऊ मुलगा तिसऱ्या आठवड्यापासून बर म्हणजे धातूचा कीस झाडायला आणि माल उचलायला लागतो. यात सुपरवायझर वाईट आहे असं नसतं. त्याला दिवसाच्या नगांचा हिशेब द्यायचा असतो आणि शिकवलेला तास त्या हिशेबात कुठेच दिसत नाही. उपाय साधा आहे: तीन-चार मुलांमागे एक उस्ताद नेमायचा, त्याचं रोजचं टार्गेट लेखी कमी करायचं, आणि मुलाने आठवड्यात काय शिकलं याच्या नोंदवहीवर त्याची सही घ्यायची.

नोंदवहीत काय असावं? टर्नरचं उदाहरण घेऊ. पहिला महिना मोजमापाचा: 0.02 मिमी लघुतमांकाचा व्हर्नियर, 0.01 मिमीचा मायक्रोमीटर, आणि दोन्हींची शून्य त्रुटी तपासण्याची सवय. मोजमाप कच्चं राहिलं तर पुढचे अकरा महिने वाया जातात, कारण चुकीचा नग मशीनवर बनला की मापात चुकला हेच मुलाला कळत नाही. दुसरा-तिसरा महिना साध्या लेथवर फेसिंग, स्टेप टर्निंग आणि टूलला धार लावणं, तेही बारच्या उरलेल्या तुकड्यांवर. सीएनसीवर लोडिंग त्यानंतर. ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेलं टूलचं माप, बदलायची परवानगी सर्वात शेवटी, कारण एक चुकीचा ऑफसेट चकवर टूल आदळवतो आणि स्पिंडलचं काम निघतं.

कागदपत्रांत दोन जागी गाडी हमखास अडते. पहिली जागा आधार आणि बँक खात्याची. आधारवर आडनाव आधी, बँकेत नाव आधी, किंवा खातं आधारशी जोडलेलंच नाही. मग सरकारचा हिस्सा येत नाही आणि मुलगा समजतो की मालकाने पैसे कापले. म्हणून रुजू व्हायच्या दिवशीच खातं जोडलेलं आहे का ते बँकेतून बघून घ्या. दुसरी जागा कराराची. मुलगा एक तारखेला कामाला लागतो आणि करार पोर्टलवर नोंदला जातो महिन्याने. मधल्या काळात तो कायद्याने शिकाऊ नसतो. कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय लागू होत नाही, पण नोंद नसलेल्या ‘ट्रेनी’ला किमान वेतनासह सगळं लागू होऊ शकतं. नोंद असो वा नसो, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच. धोकादायक कामावर अठराखालचा मुलगा ठेवता येत नाही.

आयटीआयशी डीएसटी करार

इथे मुलगा तुमचा नसतो, आयटीआयचाच विद्यार्थी राहतो. थिअरी आयटीआयमध्ये आणि प्रात्यक्षिकाचा मोठा भाग तुमच्या कारखान्यात. एक वर्षाच्या ट्रेडला साधारण 3 ते 6 महिने, दोन वर्षांच्या ट्रेडला 6 ते 12 महिने तो तुमच्याकडे असतो. परीक्षा आणि प्रमाणपत्र व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचं.

ॲप्रेंटिसशी तुलना केली तर तीन फरक ठळक दिसतात. पैसा इथे कमी लागतो, पण वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. आयटीआयचं सत्र, परीक्षा आणि सुट्ट्या यांच्याप्रमाणेच मुलं येतात-जातात. दुसरं, एकेक मुलगा निवडून घेता येत नाही. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनची तुकडी साधारण 20 जणांची. वीस मुलं एकाच छोट्या कारखान्यात उभी केली तर एका लेथभोवती सहा जण बघत उभे राहतात आणि कोणीच शिकत नाही. म्हणून छोट्या उद्योजकांनी एमआयडीसीतल्या संघटनेमार्फत तुकडी वाटून घ्यावी: कोणाकडे वेल्डिंग, कोणाकडे सीएनसी, कोणाकडे असेंब्ली, आणि दोन-दोन महिन्यांनी गट फिरवायचे. तिसरा फरक आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो. मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षी, बाहेर जायचं ठरवण्याआधीच, तुमचा कारखाना आतून बघतो. प्रमाणपत्र हातात पडल्यावर त्याला चाकण आणि तालुका यांतलं एक आधीच ठाऊक असतं.

डीएसटी फसतं ते बहुतेक वेळा दोन माणसांचं बोलणं न झाल्याने. आयटीआयचा निदेशक म्हणजे शिक्षक कानशीने घासायला शिकवतो, कारखान्यात कानस कोणी हातात घेत नाही. कारखान्याला जे ड्रॉइंग वाचायला हवं ते अभ्यासक्रमात सहा महिन्यांनी येतं. सत्र सुरू होण्याआधी निदेशक आणि तुमचा फोरमन यांनी एकत्र बसून महिन्यानिहाय विषय लावले तर हे टळतं. निदेशकाला वर्षातून आठवडाभर कारखान्यात बोलवा. त्याचा फायदा पुढच्या प्रत्येक तुकडीला होतो.

आणखी एक दार आहे, ज्याकडे तालुक्यातले उद्योजक फारसे वळत नाहीत. 2007-08 पासून केंद्राच्या योजनेत देशभरच्या 1396 सरकारी आयटीआयना सुधारणेसाठी प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं. ते वापरण्यासाठी संस्था व्यवस्थापन समित्या नेमल्या गेल्या. समितीचा अध्यक्ष उद्योगातला असतो, प्राचार्य सदस्य-सचिव असतात. तुमच्या आयटीआयमध्ये अशी समिती असेल आणि ती कागदावरच झोपलेली असेल, तर तिथे जाऊन बसा. कोणत्या मशीनची दुरुस्ती आधी करायची, कोणत्या ट्रेडची तुकडी वाढवायला मागायची, हे ठरतं त्या टेबलावर. एक चांगला अध्यक्ष पूर्ण तालुक्याचं प्रशिक्षण बदलू शकतो, आणि त्याचा उपयोग त्याच्या एकट्याच्या कारखान्यापुरता राहत नाही.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना

2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यावेतन राज्य सरकार थेट उमेदवाराला देतं: बारावी पासला 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000, पदवीधराला 10,000 रुपये. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा अधिवासी, आणि सध्या शिक्षण घेत नसलेला. मुदत मुळात सहा महिने. 2025 मध्ये पाच महिने वाढवून अकरा केली गेली. आस्थापना किमान तीन वर्षं जुनी असावी आणि तिचं मनुष्यबळ 20 हून कमी नसावं. कारखान्याला मनुष्यबळाच्या दहा टक्के, सेवा क्षेत्राला वीस टक्के उमेदवार घेता येतात. नोंदणी महास्वयम पोर्टलवर.

मालकाच्या खिशातून विद्यावेतन जात नाही, म्हणून हाच मार्ग सर्वात सोपा वाटतो. ज्या कामात तीन-चार महिन्यांत हात बसतो, तिथे तो चांगलाही आहे: टॅली आणि जीएसटीची बिलं, स्टोअरची नोंद, पॅकिंग लाइनची गुणवत्ता तपासणी, डिस्पॅच. एवढ्या मुदतीत कोणी सेटर होत नाही, आणि टिग वेल्डिंगचा हातही बसत नाही. तसलं काम शिकवायला हा मार्ग घेतला की मुदत संपते नेमकी तेव्हा, जेव्हा मुलगा उपयोगाचा होऊ लागलेला असतो.

दुसरी अडचण अपेक्षेची. या योजनेतल्या प्रशिक्षणार्थींनी कायम नोकरीच्या मागणीसाठी राज्यभर आंदोलनं केली आहेत. त्यांचं दुःख खरं आहे. कोणीतरी त्यांना अर्धवट आशा दाखवलेली असते. म्हणून रुजू होतानाच लेखी सांगा: या विभागात दोन जागा निघणार आहेत, निवड अमुक चाचणीवर होईल. जागा निघणार नसतील तर तेही तितकंच स्पष्ट सांगा, आणि अनुभवाच्या दाखल्यात कोणतं काम केलं ते नेमकं लिहा. ‘उत्तम काम केले’ एवढ्या दाखल्याने कोणाचं भलं होत नाही. योजनेचा पैसा अर्थसंकल्पावर अवलंबून असतो, त्यामुळे नवीन नोंदणी सुरू आहे का हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात विचारूनच माणसांची आखणी करा.

तिन्ही मार्गांना लागू असलेल्या गोष्टी

एसटी. पहिली गाडी किती वाजता फाट्यावर येते आणि शेवटची किती वाजता सुटते, हे बघून शिकाऊंची पाळी ठरवा. दुसऱ्या पाळीतून रात्री अकराला सुटलेल्या मुलाला गाडी नसते, आणि मुलींसाठी तर घरचे तिथेच नकार देतात. चार गावांच्या रस्त्यावर एक जीप लावायचा खर्च एका परप्रांतीय ऑपरेटरच्या खोलीभाड्याशी तुलना करून बघा.

पेरणी आणि सुगी. जूनच्या शेवटी आणि काढणीच्या दिवसांत घरची शेती असलेला मुलगा गैरहजर राहणारच. तो बेजबाबदार आहे असं समजून काढून टाकण्यापेक्षा त्या आठवड्यांचं टार्गेट आधीच कमी ठेवा, आणि जे येतील त्यांना थिअरी, सुरक्षा आणि मशीन देखभाल शिकवा.

आणि पुढचा जिना. मुलगा तालुक्यात राहतो तो गावाच्या प्रेमाने कमी आणि पुढचं पाऊल दिसल्याने जास्त. शिकाऊ, ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर अशा चार पायऱ्या, प्रत्येकीचा पगार आणि तिथे पोचण्याची चाचणी भिंतीवर लावा. चाकणचे 18,000 आणि तालुक्याचे 14,000 यांची तुलना करताना खोलीभाडं आणि मेस वजा करून दाखवा. आकडे तुमच्या भागातले आणि खरे असू द्या, कारण त्याचा चुलतभाऊ तिथेच असतो. शिक्षणही जोडून द्या: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तुमच्याकडून पदविकेला गेलेल्या मुलाला सुट्टीत काम आणि परत येण्याचं लेखी आश्वासन दिलं तर सुपरवायझर बाहेरून शोधावा लागत नाही.

चाळीस माणसांच्या मशीन शॉपसाठी आमची निवड

कुशल मशीनकामासाठी आयटीआय झालेले चार शिकाऊ उमेदवार, एका उस्तादाकडे. ऑफिस आणि स्टोअरसाठी, नोंदणी सुरू असेल तर, कार्यप्रशिक्षणाचे दोन. डीएसटी पहिल्या वर्षी एकट्याने करू नये. शेजारचे तीन-चार कारखाने तयार असतील तरच करावं. फळप्रक्रियेसारख्या हंगामी उद्योगाने मात्र उलटा विचार करावा. हंगामाच्या गर्दीत शिकवणं होत नाही, म्हणून शिकाऊ उमेदवार हंगामाच्या दोन महिने आधी घ्यावेत आणि मधल्या काळात बॉयलर, रेफ्रिजरेशन आणि स्वच्छतेचे नियम शिकवून घ्यावेत.

कॅलेंडर असं धरा. आयटीआयचे प्रवेश साधारण जून ते ऑगस्टमध्ये होतात, म्हणून डीएसटीचं बोलणं फेब्रुवारीतच प्राचार्यांशी सुरू करा. शिकाऊंची निवड आयटीआयची परीक्षा संपताच करा. निकालाची वाट बघत बसलात तर मोठ्या कंपन्यांचे कॅम्पस मेळावे आधीच झालेले असतात. पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी, पॅन, जीएसटी आणि मनुष्यबळाचा आकडा हे सगळं त्याच्या महिनाभर आधी पूर्ण करून ठेवा, आणि अडलं तर जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या सरकारी केंद्रात जा. बहुतेक ठिकाणी ते सरकारी आयटीआयच्या आवारातच असतं.