टिल्ट लेन्स की संगणकावरचा ब्लर? ठाण्याचं मिनिएचर करू पाहणाऱ्यांसाठी

खरं शहर फोटोत मांडून ठेवलेल्या मॉडेलसारखं दिसावं, यासाठी दोन रस्ते आहेत. एक तर टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यावर असतानाच कलवता (टिल्ट) आणि बाजूला सरकवता (शिफ्ट) येणारी लेन्स, विकत किंवा भाड्यानं घ्यायची. नाहीतर साध्या लेन्सनं फोटो काढून ब्लर, म्हणजे धूसरपणा, घरी संगणकावर चढवायचा. मी दोन्ही केलंय. कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो, तुमच्या फ्रेममध्ये उभं काय काय आहे?

हा प्रश्न का, ते कळायला भ्रम कशावर टिकलाय ते बघू. लेन्स एखाद्या छोट्या वस्तूच्या अगदी जवळ नेली की फोकसमध्ये जेमतेम काही मिलिमीटर उरतात, बाकी पुढचं-मागचं धूसर होतं. लांबच्या रस्त्यावर तसाच ब्लर दिसला की मेंदू समजतो, हे हाताच्या अंतरावर आहे, म्हणजे छोटं असणार. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं होतं. दृश्यातलं अंतर ज्या दिशेनं वाढतं त्याच दिशेनं ब्लर बदलत गेला तर दृश्य छोटं भासतं, दिशा जुळली नाही तर परिणाम उतरतो. माझ्या मते सगळी निवड या जुळण्यावरच ठरते.

लेन्स हातात घेतल्यावर मजा येते हे मान्यच करायला हवं. टिल्टचा नॉब फिरवला की व्ह्यूफाइंडरमध्येच बसेसची खेळणी होताना दिसतात. यामागचा नियम ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्पफ्लुगच्या नावानं ओळखला जातो. लेन्स कलवली की फोकसचं प्रतलही कलतं, आणि लेन्स, सेन्सर आणि फोकस या तिन्हींची प्रतलं एका रेषेत मिळतात. व्यावसायिक फोटोग्राफर याचा उपयोग बहुतेकदा जास्तीत जास्त भाग फोकसमध्ये आणायला करतात. आपण लेन्स उलट्या बाजूला कलवून जास्तीत जास्त भाग फोकसबाहेर घालवतो.

आता माझी अडचण. ९० मिमीची लेन्स ८ अंश कलवली की फोकसचं प्रतल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा लेन्सपासून सुमारे ६५ सेंटिमीटरवर येते. समोरचं दृश्य अर्धा किलोमीटर लांब असेल तर या ६५ सेंटिमीटरला काही अर्थच राहत नाही. फोकसचं प्रतल जवळपास आपल्या नजरेच्याच रेषेत लांबवर पसरतं. परिणामी फोटोत एक आडवा पट्टा तेवढा स्पष्ट येतो. त्या पट्ट्यात काय जवळ आहे न् काय लांब, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

ठाण्यातल्या तलावपाळीवर हे खपून जातं. पाणी सपाट, बोटी बुटक्या, काठावरची माणसंही तशीच. पण घोडबंदर रोडकडे कॅमेरा वळवा. एका ओळखीच्यांच्या गच्चीवरून मी समोरचा टॉवर घेतला होता. खालचं पार्किंग, गेटवरची केबिन, रांगेतल्या रिक्षा अगदी खणखणीत. वर जावं तसतशा बाल्कन्या विरघळत गेल्या आणि माथ्यावरची पाण्याची टाकी म्हणजे नुसता राखाडी डाग. आता टॉवरचा पाया आणि माथा माझ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. खऱ्या मॉडेलचा जवळून फोटो काढला असता तर दोन्ही सारखेच स्पष्ट आले असते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो लगेच खोटा वाटतो. घरात दाखवला तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘वर धुकं होतं का रे?’ लेन्समध्ये दोष नव्हता, ती भूमितीच तशी आहे. पण एकदा शटर दाबलं की ते धुकं काढता येत नाही. गोष्ट फिरली ती इथे.

संगणकावरचा तयार ब्लर मुळात याहून शहाणा नाही, हेही सांगायला हवं. फोटोशॉपमध्ये २०१२ च्या सीएस६ पासून टिल्ट-शिफ्ट नावाचा ब्लर आहे, तोही सरळ आडवा पट्टाच देतो आणि टाकीचं तेच करतो. फरक हा, की तिथे पुढे काही करता येतं. मी टॉवर पेन टूलनं कापून वेगळ्या लेयरवर ठेवतो, मागच्या लेयरवरून तो पुसून ती जागा आजूबाजूच्या आकाश-झाडांनी भरतो, मग मागच्याला ब्लर देतो आणि टॉवर परत वर बसवतो. टॉवरचा पाया जेवढा स्पष्ट, तेवढाच माथा. मागचा टॉवर न पुसता ब्लर दिलात तर त्याचा रंग कडेनं बाहेर झिरपतो आणि टॉवरभोवती घाणेरडी प्रभावळ दिसते, तेवढं सांभाळा. वेळ खातं हे काम. दाट वस्तीची फ्रेम असेल तर एक संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. पण निकाल लेन्सला जमत नाही असा येतो.

फोनमधल्या ॲपांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जागा हेरायला बरी.

लेन्स खरोखर पुढे आहे ती दोन ठिकाणी. संध्याकाळी दिवे लागल्यावर तिच्या ब्लरमध्ये प्रत्येक दिव्याची झगझगीत चकती होते. संगणकावर, विशेषतः जेपेगवर काम केलं तर, तेच दिवे मळकट ठिपके होतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलवरून केलं तर बरंच सुधारतं, तरी मला ती चमक कधी पूर्ण मिळालेली नाही. दुसरं म्हणजे टाइम-लॅप्स, ठरावीक अंतरानं काढलेल्या फोटोंचा व्हिडिओ. शेकडो फ्रेममधून टॉवर कापत बसणं माणसाचं काम नव्हे.

त्यामुळे बेलापूरच्या पारसिक हिलवरून खाली पसरलेलं शहर घ्यायचं असेल, रात्रीचं घ्यायचं असेल, किंवा इमारतींचे फोटो हा तुमचा धंदाच असेल आणि शिफ्ट तशीही लागणार असेल, तर लेन्सवरचा खर्च वाया जाणार नाही. पण दिवसाचं, टॉवरांनी भरलेलं ठाणं घेणाऱ्यानं, मला विचाराल तर, आधी भाड्याचे पैसे वाचवावेत. उंच गच्ची शोधा, आकाश शक्यतो फ्रेमबाहेर ठेवा, ऊन कडक असताना एफ/८ ॲपर्चरला सगळं स्पष्ट टिपा आणि घरी आल्यावर रंग थोडे जास्तच चढवा, ऑइल पेंट दिल्यासारखे. पट्टा कुठे ठेवायचा आणि कुठला टॉवर त्यातून सोडवायचा, ते मग निवांत खुर्चीत बसून ठरवता येतं.