दोन-बे नॅस, अकरा महिने: वेग पुरला, देवनागरी नावं मावली नाहीत

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी; माझ्या पेटीत जुन्या कॅसेट, टेपा, डीव्हीडी आणि फोटोंचा संग्रह आहे. अकराव्या महिन्यात रात्रीच्या बॅकअपची सविस्तर नोंद उघडली तेव्हा दिसलं, की ६१ फाइल पहिल्या दिवसापासून एकदाही कॉपी झालेल्या नाहीत. मुख्य पानावर रोज हिरवी खूण येत होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत 'काही फाइल वगळल्या' असं लिहिलेलं होतं. डिस्क ठणठणीत, जागा भरपूर, नेटवर्क चालू. त्या ६१ फाइलींची नावं देवनागरीत होती आणि लांब होती, एवढंच कारण.

यंत्र नेहमीचंच आहे. दोन बे (डिस्कचे खण), इंटेल सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसर, बोर्डवर २ जीबी रॅम आणि रिकाम्या स्लॉटमध्ये नंतर घातलेली ४ जीबी, १ गिगाबिटचे पोर्ट. आत ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तीच प्रत), फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) बीटीआरएफएस, वर कंटेनरमध्ये (वेगळ्या कप्प्यात) चालणारं जेलीफिन, जे संग्रह टीव्हीवर लावून देतं. बॅकअप जातो भावाच्या घरी ठेवलेल्या त्याच कंपनीच्या जुन्या यंत्रावर, एन्क्रिप्ट केलेल्या शेअर्ड फोल्डरमध्ये.

घोळ त्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये आहे. एकेकट्या फोल्डरचं एन्क्रिप्शन हे यंत्र ईक्रिप्टएफएस वापरून करतं. लिनक्सच्या साध्या फाइल सिस्टीममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. ईक्रिप्टएफएस नावसुद्धा एन्क्रिप्ट करतं, त्यात ते फुगतं, म्हणून आपल्या वाट्याला १४३ बाइटच उरतात. इंग्रजी नावाला १४३ बाइट म्हणजे १४३ अक्षरं, सहसा कुणाला अडचण येत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) ३ बाइट खातं, आणि इथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं सुटं मोजलं जातं. 'र्व' एवढंसं जोडाक्षर ९ बाइटचं. हातात उरतात ४७ चिन्हं.

वगळलेल्यांपैकी एक नाव बघा: 'सार्वजनिक गणेशोत्सव १९८७ कीर्तन पूर्वरंग कॅसेट ३ बाजू ब'. डोळ्यांनी मोजली तर आकडे धरून २८ अक्षरं. यंत्राच्या हिशोबात ४७ चिन्हांचे १४१ बाइट, ८ मोकळ्या जागा, फ्लॅक या ऑडिओ-प्रकाराच्या शेपटीचे (.flac) ५, एकूण १५४. देवनागरी आकड्यांच्या जागी इंग्रजी आकडे घातले तर प्रत्येकी २ बाइट वाचतात, ५ आकड्यांचे १०. तरी १४४. एका बाइटने फाइल बाहेर!

कंपनीच्या मदतकेंद्राशी तीन आठवडे पत्रव्यवहार झाला. पहिलं उत्तर 'डिस्क तपासा', दुसरं 'फर्मवेअर अद्ययावत करा', तिसरं 'फाइलींना इंग्रजी नावं द्या'. तिसऱ्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. घरातले मोठे लोक टीव्हीच्या रिमोटवर जी नावं वाचून कीर्तन लावतात ती नावं हाच या संग्रहाचा अर्धा उपयोग आहे. मर्यादा तांत्रिक आहे हे मान्य. पण फोल्डर एन्क्रिप्ट करताना पडद्यावर एक ओळ लिहून ही मर्यादा सांगता आली असती, आणि वगळलेल्या फाइलींसाठी हिरवी खूण दाखवायलाच नको होती. बॅकअपची कॉपी करणारं आर्सिंक स्वतः प्रामाणिक आहे: प्रत्येक फाइलपुढे 'नाव फार लांब' असं लिहून ते २३ क्रमांकाने संपतं, म्हणजे काम अर्धवट. ते झाकलं वरच्या सुंदर पानाने.

एन्क्रिप्शन वापरत नसाल तरी पूर्ण सुटका नाही. साध्या फोल्डरमध्ये २५५ बाइट म्हणजे ८५ देवनागरी चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये आणि पोर्टेबल डिस्कवरच्या एक्सफॅटमध्ये मर्यादा यूटीएफ-१६ च्या २५५ एककांची असते, तिथे देवनागरी चिन्ह एकच एकक घेतं. म्हणून लॅपटॉपवर वर्षानुवर्षं सुखाने राहिलेलं १०० चिन्हांचं नाव नॅसवर चढताना अडतं.

आपल्याकडे अशी किती नावं आहेत ते आधीच काढता येतं. नॅसवर एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने) शिरा, फाइंड या आज्ञेकडून नुसत्या नावांची यादी घ्या, ती ऑक या दुसऱ्या आज्ञेतून गाळून १४३ पेक्षा लांब ओळी छापा. ऑक चालवताना लोकेल (भाषेचं सेटिंग) 'सी' ठेवायचं, नाहीतर तो बाइटऐवजी चिन्हं मोजतो आणि सगळं ठीक असल्याचं सांगतो. फोल्डरची नावंही यात मोजा. मर्यादा प्रत्येक पातळीला वेगळी लागू होते. यातून एक उपाय आपोआप निघतो: नाव तोडून फोल्डरमध्ये वाटा. 'गणेशोत्सव १९८७' हा फोल्डर, आत 'कीर्तन पूर्वरंग ३ब'. बाकीचा तपशील फ्लॅकच्या टॅगमध्ये (फाइलच्या आतल्या माहितीत) घाला, तिथे लांबीची अडचण नाही. एमपी३ असेल तर टॅग आयडी३ची दुसरी आवृत्तीच ठेवा. पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइट असतात आणि मराठी तिथे कचरा होऊन बसते.

नावांचा दुसरा त्रास लांबीपेक्षा चिवट आहे. 'दऱ्या' आणि 'दर्‍या' हे दोन शब्द इथे सारखेच दिसतील. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. तसंच 'ॲ' आणि 'अ‍ॅ'. ॲ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची आणि नंतरचीही कितीतरी नावं अ, जोडक आणि चंद्र अशी बांधलेली आहेत. नॅसला ही दोन वेगळी नावं. एका कीबोर्डवरून शोधलं की निम्मे निकाल येतात, आणि एकच अल्बम दोनदा दिसतो. यात जुना मॅक आला की तिसरं रूप तयार होतं, कारण एचएफएस प्लस डिस्क ऱ फोडून र आणि नुक्ता असं साठवते.

हे तिसरं रूप तेवढं यंत्राकडून दुरुस्त होतं. कन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच, एनएफसी (फोडलेली चिन्हं जोडणाऱ्या) पर्यायासह, पूर्ण फोल्डरवर चालवा. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं. 'नोटेस्ट' दिल्याशिवाय खरं नामांतर करत नाही, त्यामुळे यादी वाचायला सवड मिळते. जोडकवाली रूपं मात्र एनएफसीने एक होत नाहीत. तिथे घरात एक रूप ठरवायचं आणि सामुदायिक नामांतराच्या साधनाने जुनं रूप नावातूनच कॉपी करून बदलायचं. एकसंध ऱ आणि ॲ ठेवणं बरं, बाइटही वाचतात. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ थेट मिळतो.

क्रमांकांबद्दल एकच: देवनागरी आकडे ठेवायचे असतील तर '०२', '१०' असे शून्य लावून ठेवा. नैसर्गिक क्रम लावणारी बरीच ॲप फक्त इंग्रजी आकडे ओळखतात, मग १० हा २ च्या आधी येतो.

आता वेग. तिसऱ्या महिन्यात माझं मत होतं, की २.५ गिगाबिटचा पोर्ट नसणं ही या यंत्राची मोठी उणीव आहे. ते मत मागे घेतो. १ गिगाबिटवर मोठी फाइल सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाते. संग्रहातल्या डीव्हीडीला सेकंदाला १० मेगाबिटच्या वर लागत नाही, मिनीडीव्हीच्या (कॅमेऱ्याच्या छोट्या टेपेच्या) मूळ फाइलला २९ मेगाबिट. फोर-केच्या भरगच्च फाइली क्षणभर १०० मेगाबिटच्या वर जातात, आणि तिथे अडखळतो तो टीव्ही. कित्येक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट आजही १०० मेगाबिटचाच असतो. अशा टीव्हीला केबल काढून ५ गिगाहर्ट्झ वायफायवर टाकलं की तीच फाइल न थांबता चालते. नॅसवर जास्तीचे दहा हजार घालण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

जे४१२५ एचईव्हीसी प्रकारच्या व्हिडिओचं १०-बिट चित्र हार्डवेअरमध्ये उलगडतो, एव्ही१ प्रकारचं नाही. जेलीफिनच्या कंटेनरला डीआरआय उपकरण (ग्राफिक्स चिपचा दुवा) जोडायला विसरलात तर सगळं काम प्रोसेसरवर पडतं आणि पंखा ओरडायला लागतो. ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या प्रकारात बदलणं) होण्याचं नेहमीचं कारण फाइलचं रिझोल्यूशन नसून सबटायटल असतं. डिस्कवरून आलेली चित्ररूप सबटायटल बहुतेक वेळा चित्रावर भाजून पाठवावी लागतात. शक्य तिथे यूटीएफ-८ मधली एसआरटी (मजकूररूप सबटायटल) वापरा. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही असं समजा. नोटो सान्स देवनागरीची फाइल कंटेनरच्या फॉन्ट फोल्डरमध्ये जोडा. ब्राउझरसाठी सेटिंगमध्ये पर्यायी फॉन्टचा फोल्डर वेगळा द्यावा लागतो. दोन्ही केलं तरच प्रश्न मिटतो.

मिनीडीव्ही तशीच्या तशी टीव्हीला देऊ नका. मूळ फाइल जपून ठेवा आणि बघण्यासाठी एच.२६४ प्रत करा. डीइंटरलेस करताना (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, पूर्ण करताना) २५ फ्रेमच्या ५० करा, म्हणजे मूळ हालचाल टिकते. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, डीव्हीडीत बहुधा वरचं. क्रम चुकला तर वरातीतले लोक चालताना थरथरतात. टेप उतरवायच्या राहिल्या असतील तर फायरवायरवाला (कॅमेऱ्यातून टेप उतरवायचा जुना पोर्ट असलेला) जुना संगणक विकू नका. ॲपलने २०२५ च्या मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा आधार काढून टाकला आहे.

जागेचा हिशोब आधी कागदावर करा. मिनीडीव्हीला तासाला १३ जीबी, ४६ टेपांचे ६०० जीबी. तासाभराची कॅसेट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवली तर २ जीबी, फ्लॅक केल्यावर बरीच कमी; १२० कॅसेटींना १५० जीबी पुरले. ९० डीव्हीडींचे ५४० जीबी, फोटोंचे ४०० जीबी. बेरीज १.७ टीबीच्या आत. ८ टीबीच्या डिस्क सुचवणाऱ्या दुकानदाराला हा कागद दाखवला की बोलणं संपतं.

डिस्क घेताना क्षमता नव्हे, मॉडेल क्रमांक वाचा. २०२० मध्ये उघड झालं, की डब्ल्यूडीच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. नंतर सीएमआर (पट्टे सुटे ठेवणाऱ्या) डिस्क रेड प्लस नावाने वेगळ्या झाल्या. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे रीबिल्डसारखं (नव्या डिस्कवर पूर्ण प्रत पुन्हा बांधण्यासारखं) सलग लिहिणं फार मंदावू शकतं. बॅकअपच्या पोर्टेबल डिस्कला एसएमआर चालते. आणि पाकीट फोडण्याआधी सीरियल क्रमांक निर्मात्याच्या साइटवर घालून वॉरंटी भारतात लागू आहे का ते बघा. बाहेरून आलेल्या मालाला इथे कुणी दाद देत नाही.

विजेवर यंत्र आणि डिस्क मिळून १८ वॉट, महिन्याला १३ युनिट. पावसाळ्यात वीज जाते-येते तिथे यूपीएस हवाच, पण डेटासाठी यूएसबी पोर्ट असलेला. स्वस्त यूपीएसला तो नसतो, मग वीज गेल्याचं नॅसला कळत नाही आणि बॅटरी संपली की ते धाडकन बंद होतं. राउटरही त्याच यूपीएसवर ठेवा.

राहता राहिल्या त्या ६१ फाइल. पूर्ण व्हॉल्यूम (डिस्कवरची सगळी जागा) एलयूकेएस या पद्धतीने एन्क्रिप्ट केला तर १४३ ची अट जाते, पण जुन्या यंत्रावर ती सोय नाही. म्हणून भावाकडचा एन्क्रिप्ट केलेला फोल्डर मोडला आणि साध्या फोल्डरमध्ये रेस्टिक हे बॅकअपचं साधन लावलं. ते स्वतःच एन्क्रिप्ट करतं आणि फाइलींची नावं आपल्या गठ्ठ्यांच्या आत साठवतं, त्यामुळे पलीकडच्या फाइल सिस्टीमची मर्यादा नावाला लागत नाही. तोटा एवढा, की भावाच्या यंत्रावर फोल्डर उघडून थेट काही बघता येत नाही. परत मिळवायला रेस्टिकच लागतं. पासवर्ड हरवला तर सगळं गेलं, तो दोन्ही घरांत कागदावर लिहून ठेवला आहे. पहिल्या प्रतीसाठी जुनं यंत्र घरी आणून लॅनला जोडलं, कारण १०० मेगाबिटच्या अपलोडवर १.७ टीबीला दीड दिवसाच्या वर लागतो. दर महिन्याला एक बारांश डेटा वाचून तपासायला लावला आहे. 'सार्वजनिक गणेशोत्सव १९८७' वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून, बाजू ब शेवटपर्यंत ऐकून बघितली. नाव पूर्ण आहे, आकडेही देवनागरीच आहेत.