धामण म्हणून निलगिरी, आणि तीही कुजकी

मर्दानी खेळाच्या आमच्या आखाड्यात पोरांना लाकडी धनुष्यं करून द्यायची म्हणून पालकांनी वर्गणी काढली होती. त्यातले 18,000 रुपये एका लाकूडवाल्यानं लुबाडले. तो अजून कोल्हापूरच्या आसपास हाच धंदा करतोय असं कानावर येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

धनुष्याला धामण या झाडाचं लाकूड उत्तम. चिवट लाकूड, वाकून परत सरळ होणारं. कुऱ्हाडीचे दांडे, कावडीच्या काठ्या याच्याच करायचे. वखारीत मात्र सगळा इमारती माल. त्यामुळं वाऱ्यानं पडलेलं झाड, मोडक्या गाडीच्या दांड्या, असं काहीतरी शोधत हिंडावं लागतं. आपली ही गरज त्या माणसाला नेमकी ठाऊक होती.

शहराबाहेर त्याची पत्र्याची शेड. "पावणं, पुरात राधानगरीकडनं आलेली धामण हाय. हातात धरून वजन तर बघा की!" नमुना म्हणून दिलेला तुकडा अस्सल होता, त्याचं धनुष्यही झकास झालं. मग मोठी मागणी दिली. निम्मे पैसे आधी, उरलेले टेम्पो भरताना, आणि भाव किलोवर. भिजलेलं लाकूड किलोनं घेतलं की पाण्याचेही पैसे जातात.

माल आला तेव्हा काठ्यांच्या दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट होता. यात वावगं काही नाही. टोकाकडून ओल झपाट्यानं उडते आणि चिरा पडतात, म्हणून चांगला कारागीरही टोकांना रंग किंवा मेण लावतो. जाणकाराला रंग बघून उलट धीरच यावा, हीच त्याची मेख. रंगाखाली किड्यांची भोकं भुसा आणि गोंदानं बुजवलेली निघाली. बऱ्याच काठ्या तर निलगिरीच्या होत्या, गेरू आणि तेल चोळलेल्या. टोक कापल्यावर गेरूचा रंग वरच्या वरच राहिलेला दिसला, आणि गल्लीतल्या सुतारकाकांनी लाकूड लगेच ओळखलं.

त्यातली बरी दिसणारी एक काठी तासली. थोडी थोडी दोरी ओढत दोन्ही बाजूंचा वाक सारखा करत होतो, तेवढ्यात ती मुळ्यासारखी कट्कन मोडली आणि वरचा तुकडा कानाजवळून गेला. निरोगी लाकूड मोडताना लांब लांब चिपा सुटतात. बुरशीनं खाल्लेलं असं आखूड तुटतं. हे धनुष्य एखाद्या दहा वर्षांच्या पोरीच्या हातात असतं तर तिच्या डोळ्याचं काय झालं असतं? पैशापेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

फोन केला, बंद. शेडला कुलूप. पैसे यूपीआयनं दिले होते म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं, पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली तक्रार दिली. पैसे परत आलेले नाहीत.

त्याचं आणखी एक वाक्य लक्षात ठेवा: "पुराचं लाकूड कुणाच्या मालकीचं नसतंय, पास-बीस काय लागत नाय." पास म्हणजे लाकूड नेण्याचा वनखात्याचा परवाना. साफ खोटं. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 45 प्रमाणं वाहून आलेलं, काठाला लागलेलं लाकूड कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचं धरलं जातं. म्हणजे फसवणूक तर होतेच, वर वनखात्यापुढं उभं राहायची वेळ आपल्यावर येऊ शकते. शेतकऱ्याच्या बांधावर पडलेलं झाड स्वतः बघून, त्याच्याशी बोलून, परवानगीचं विचारून घेतलेलं कितीतरी बरं.

पैसे देण्याआधी प्रत्येक काठीचं टोक चार बोटं तुमच्यासमोर कापून मागा. विकणारा कां-कूं करायला लागला तर तिथनं निघा. कापलेला तुकडा कुऱ्हाडीनं फोडा. फट रेषेबरोबर सरळ गेली पाहिजे, पीळ असेल तर धनुष्य वाकडं होणार. त्याच तुकड्याची पातळ चीप हातानं मोडून तिचं तोंड बघा: लांब चिपा सुटल्या तर ठीक, आखूड तुटली तर लाकूड कुजकं. वादळात पडलेल्या झाडाच्या लाकडावर रेषांना आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या असू शकतात. रंधा मारून तिरप्या उजेडात धरल्याशिवाय त्या दिसत नाहीत, आणि धनुष्य तिथंच मोडतं. लाकूड वाळलंय का हे त्याच्या तोंडून ऐकू नका. घरी आणून दर आठवड्याला वजन करा, वजन उतरायचं थांबेपर्यंत हत्यार लावू नका.

गेरूचा लालसर हात आणि टोकांना हिरवा ऑइलपेंट असलेल्या काठ्या कुणी अलीकडं घेतल्या असतील, तर त्यांना दोरी चढवू नका. पावती, फोटो आणि काठ्या जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.