फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी काय बरं: घट्ट जॅकेट की टीटच?

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, म्हणजे नवरात्रातले स्पीकर, मग दिवाळी, मग उत्तरायणाच्या रात्रीची आतषबाजी, आमची छबी वर्षातून तीनदा पलंगाखाली. अंगाला घट्ट बसून धीर देणारं जॅकेट आणि टीटच, म्हणजे बोटांनी हलका स्पर्श करायची पद्धत, हे दोन्ही उपाय तिच्यावर करून झालेत म्हणून लिहितोय.

जॅकेटला शिकायचं काही नाही, घातलं की झालं आणि तुम्ही स्वयंपाकघरात असलात तरी ते अंगावर असतं. पहिल्या दिवाळीत तिची थरथर मला खरंच कमी वाटली. आई मात्र म्हणत होती, शांत कुठे, नुसती गोठून बसलीय. त्यात आमच्याकडचा ऑक्टोबर, ती धापा टाकायची ती भीतीने की उकाड्याने तेच कळेना. तेही चालवून घेतलं असतं, पण ते वेल्क्रो! जरा सैल झालं म्हणून पट्टी उघडायला जावं तर चर्रर्र, तेही कानाजवळ, आणि कुणाच्या, तर आवाजाचीच धास्ती घेतलेल्या जनावराच्या. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात जॅकेट बघूनच ती कोपऱ्यात गेली. तिथे माझं मन उडालं.

टीटच ही लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांची पद्धत, 1970 च्या दशकात आधी घोड्यांसाठी बसवलेली, मुळाशी फेल्डेनक्राइस या माणसांसाठीच्या पद्धतीतलं हालचालींचं काम. हा मसाज नाही. बोटांनी कातडी हलवत सव्वा गोल काढायचा, घड्याळातल्या 6 वरून निघून पूर्ण फेरी, मग पुढे 9 वर थांबून हात दुसरीकडे. दाब मिटलेल्या पापणीला सोसेल इतकाच. मी सुरुवातीला चक्क चोळत होतो, ती उठून जायची, गोलाला दोनेक सेकंद द्यायला लागलो तेव्हा थांबायला लागली. तिला सगळ्यात मानवलं ते कान मुळापासून टोकापर्यंत अलगद सरकवत नेणं. शिवाय गच्चीवर चार बांबू आडवे टाकून तिला सावकाश ओलांडायला लावतो, पाय कुठे पडतोय बघण्यात ती इतकी गुंतते की खालची मोटरसायकल तिच्या गावीही नसते.

अडचण एवढीच की हे ऐनवेळी जमत नाही, मी नवरात्राच्या महिनाभर आधी रोज दहा मिनिटं सुरू करतो. आणि जॅकेटसारखा आधार हवाच असेल तर टीटचमध्ये पट्टी बांधणंही आहे, मेडिकलमधलं साधं क्रेप बँडेज छातीवरून पाठीवर नेऊन सैलसर बांधायचं, गाठ कण्यावर नको आणि बांधून कुत्र्याला एकटं सोडायचं नाही. आवाज शून्य.

मी काही मोजमाप केलेलं नाही, आणि कुत्रं हातच लावू देत नसेल किंवा तुम्ही त्या वेळी घरी नसाल तर कदाचित जॅकेटच बरं पडेल, घरी कुणी असताना आधी सवय करून घ्या. स्वतःला इजा करून घेण्याइतकं घाबरत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

गेल्या लक्ष्मीपूजनालाही छबी पलंगाखालीच होती. पण डोकं बाहेर काढून, कान माझ्या हाताला लावून.